अळीच्या वाट्याच्या पाच ओळी

बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. तेव्हापासून बरीच वर्षं बियाण्याच्या खरेदीत दोन पाकिटं यायची. मोठं ४५० ग्रॅमचं, बीटी बियाण्याचं. लहान १२० ग्रॅमचं, साध्या, बिगर-बीटी कपाशीचं. नियम असा, की शेताच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त भरेल तेवढ्या जागेत लहान पाकीट लावायचं. कागदावर त्याला 'आश्रयपीक' म्हणत. बोलण्यात 'रेफ्युजी' किंवा नुसतं 'नॉनबीटी'. आश्रय कोणाला द्यायचा, तर बोंडअळीला.

ज्या किडीपासून वाचण्यासाठी महागाचं बियाणं घ्यायचं, तिच्याचसाठी शेताचा पाचवा हिस्सा राखायचा, त्यावर तिच्यासाठी फवारणी करायची नाही किंवा कमीत कमी करायची, आणि हे सगळं स्वतःच्या खर्चाने. बहुतेक ठिकाणी ते लहान पाकीट लावलंच गेलं नाही. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली, तेव्हा दोषारोपांच्या यादीत हे न लावलेलं पाकीट बरंच वर होतं. शेतकऱ्यांनी नियम पाळला नाही, म्हणून तंत्रज्ञान वाया गेलं, असं सांगितलं गेलं आणि अजूनही सांगितलं जातं.

माझं घर अकोल्याचं, इंजिनियरिंग अमरावतीचं. मूर्तिजापूर-बडनेऱ्याच्या रस्त्याने चार वर्षं ये-जा करताना दोन्ही बाजूंना कपाशी दिसायची, पण ती पेरण्याचं किंवा वेचण्याचं काम मी कधी केलेलं नाही. त्यामुळे शेतीचा सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. मला त्या लहान पाकिटामागचा प्रश्न सतावतो. आपलं पीक खाणाऱ्या जीवाला आपण काही देणं लागतो का? आणि लागत असलो, तर ते देणं नेमकं कोणी फेडायचं?

*

उत्तराकडे जाण्याआधी कपाशीचं झाड स्वतः काय करतं ते पाहायला हवं. या देवघेवीत ते आपल्यापेक्षा पुष्कळ जुनं आहे.

कपाशीचं पान उलटं करून पाहिलं, तर मधल्या शिरेवर एक बारीकसा खड्डा दिसतो. त्यातून गोड रस पाझरतो. फुलाशी त्याचा संबंध नाही; परागीभवनासाठी तो नसतो. त्या रसावर मुंग्या येतात, गांधीलमाशीच्या कुळातल्या बारीक माश्या येतात, आणि आल्यासारख्या झाडावरच्या अळ्या आणि अंडीही उचलतात. पानांवर, बोंडांवर आणि सरकीत काळपट ठिपके असतात, ते गॉसिपॉल नावाच्या विषाचे. सरकीचं तेल शुद्ध करूनच खावं लागतं ते त्याच्यामुळे. रवंथ करणाऱ्या गाईम्हशींना ते बेताच्या प्रमाणात चालतं, म्हणून सरकीची ढेप त्यांच्या गव्हाणीत जाते.

अळी पान कुरतडू लागली, की कपाशी हवेत वास सोडते. तो वास ओळखून काही परजीवी माश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. त्यांची पिल्लं अळीला आतून खाऊन वाढतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात असं दिसलं, की एकमेकींच्या अगदी जवळच्या दोन जातींच्या अळ्यांसाठी झाड वेगवेगळा वास सोडतं, आणि माशीला त्यातला नेमका आपल्या उपयोगाचा वास कळतो. म्हणजे झाड नुसतं 'मला कोणीतरी खातंय' एवढंच कळवत नाही; कोण खातंय याचाही पत्ता त्या वासात असतो.

हे वाचून निसर्गातल्या सहकार्याचं गोड चित्र काढायचा मोह होतो. पण पानावरचा तो रस बोंडअळीचा पतंगही पितो. पैदासकारांनी म्हणून रसग्रंथी नसलेली कपाशीही तयार करून पाहिली. तिच्यावर काही किडी कमी आल्या, आणि त्या किडींना खाणारे मित्रकीटकही कमी आले. दोघांच्या येण्याचं दार एकच होतं.

फुलाचंही असंच. कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पांढरट-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. ते बऱ्यापैकी स्वतःच्याच परागांवर भागवतं, पण मधमाश्या आल्या तर त्यांना नाही म्हणत नाही. शेजारच्या तुरीच्या पिवळ्या फुलांवर पानं कातरणाऱ्या माश्या आणि काळे भुंगे जास्त दिसतात. संकरित कपाशीच्या बियाण्याचं मात्र मधमाशीवर भागत नाही. सुरतेत १९७० साली 'संकर-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला, तेव्हापासून या बियाण्यासाठी आदल्या संध्याकाळी फुलातले पुंकेसर हाताने काढतात आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग हाताने लावतात. एकेका फुलाला. हे काम प्रामुख्याने बायकांनी आणि मुलींनी केलं आहे. भारतातली जवळजवळ सगळी बीटी कपाशी संकरित आहे. वऱ्हाडातल्या शेतात उभ्या असलेल्या त्या प्रत्येक झाडाच्या जन्मामागे कुठल्यातरी बीजोत्पादनाच्या शेतातली कोणाचीतरी बोटं आहेत. परागीभवन करणाऱ्याचं काम तिथे माणसाने अंगावर घेतलं आहे, आणि मधाच्या जागी रोजंदारी आली आहे.

या व्यवहाराचं टोक पाहायचं तर उंबर पाहावा. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. खरं तर उंबराला फुलं शेकड्यांनी येतात, पण ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत, तोंड मिटून असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचते एक तिळाएवढी माशी. आत शिरताना त्या अरुंद वाटेत तिचे पंख तुटतात. ती काही फुलांवर पराग टाकते, काहींमध्ये अंडी घालते, आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडी पडली त्यांचं बी होत नाही. तिथे माशीचं पिल्लू वाढतं. नवी माशी पराग घेऊन बाहेर पडते ती दुसऱ्या उंबराच्या शोधात. म्हणजे उंबर आपल्याच बियांचा एक हिस्सा माशीला खायला देतो, तेव्हा उरलेल्या बिया होतात. शिवाय परागांचं काम न करता नुसती अंडी घालून जाणाऱ्या फुकट्या माश्याही या उंबरात असतातच. जुन्या मराठीत उंबरातल्या या चिलटांना 'केंबरं' असा खास शब्द आहे. खाण्याआधी उंबर फोडून केंबरं झटकणाऱ्या माणसाला ती घाण वाटते, पण त्यांच्यावाचून उंबर राहणार नाही आणि उंबरावर जगणारे हरियल, वटवाघळं, माकडंही राहणार नाहीत.

एखाद्या जागी कोणते जीव राहतील, किती राहतील, हे अशा हजारो देण्याघेण्यांतून ठरत आलेलं असतं. त्यात दया नसते, आणि पूर्ण विजयही सहसा कोणाचा नसतो. झाड विष वाढवतं, काही अळ्या ते पचवायला शिकतात, झाड नवा पाहुणा बोलावतं. कोणीच शंभर टक्के जिंकत नाही, म्हणून सगळे टिकून राहतात.

*

बीटीने शंभर टक्क्यांच्या जवळ जायचा प्रयत्न केला. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. त्याचं एक प्रथिन अळीच्या पोटात गेलं की आतड्याला छिद्रं पाडतं. माणसाच्या पोटात ते तसं काम करत नाही. त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं, म्हणजे झाडाचा प्रत्येक भाग अळीला विषारी झाला. सुरुवातीची वर्षं त्याचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं 'बोलगार्ड २' आलं. दहाबारा वर्षांत देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला.

लहान पाकिटाचं कारण इथे येतं. लाखो अळ्यांत एखादी अशी निघते, जिला हे विष बाधत नाही. चहूकडे बीटीच असेल तर तेवढीच जगते. तिच्यासारखी दुसरी जगलेली तिला जोडीदार मिळते, आणि पुढची पिढी विषाला दाद देत नाही. पण शेजारी साध्या कपाशीच्या ओळी असतील, तर तिथून विषाला बळी पडणारे साधे पतंग हजारोंनी उडतात. वाचलेल्या एकाला जोडीदार मिळतो तो त्यांच्यातला. ही प्रतिकारशक्ती सहसा दोन्ही पालकांकडून आली तरच पूर्ण काम करते, म्हणून त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. पाच ओळींचा हेतू अळीला जगवण्याचा आहे हे खरं. पण जगवायची आहे ती दुबळी अळी, म्हणजे तिचं दुबळेपण पुढच्या पिढीत टिकेल.

अँटिबायोटिकच्या बाबतीत आपल्याला हेच आता पटू लागलं आहे. औषधाला मरणारे जंतू ही आपली ठेव असते. ते संपले, की औषध नुसती गोळी उरते.

वऱ्हाडात याचा एक पुरावा शेतातच उभा आहे. कपाशीवरची हिरवी बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी आणि तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी, ही तीन नावं आपण एकाच किडीला दिली आहेत. ती कपाशी खाते, तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटोही सोडत नाही. वऱ्हाडात कपाशीत तुरीच्या ओळी टाकायची पद्धत जुनी आहे, आणि रब्बीत हरभरा असतोच. त्यामुळे तिला कोणी न ठेवता आश्रय मिळाला. बीटीपुढे ती इतकी वर्षं बऱ्यापैकी दुबळी राहिली, त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं. गुलाबी बोंडअळीचं तसं नाही. ती जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर जगते. तिच्यासाठी बीटी नसलेली कपाशी मुद्दाम राखावी लागते, आणि ती कोणी राखली नाही. पुढे आश्रयपीक म्हणून तूरही चालेल अशी सवलत आली. ती हिरव्या अळीसाठी ठीक होती. गुलाबी अळी तूर खातच नाही.

२०१० मध्ये बियाणं कंपनीनेच जाहीर केलं, की गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नाही. मग दुसऱ्याचीही तीच गत झाली. २०१७ च्या खरिपात विदर्भात डोमकळ्या दिसू लागल्या. डोमकळी म्हणजे आत अळी असल्यामुळे पाकळ्या गुंडाळून न उमललेलं, गुलाबासारखं दिसणारं फूल. बोंडं बाहेरून धड दिसायची आणि फोडली की आत सरकी खाल्लेली, कापूस कवडी झालेला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या फवारण्या केवळ बोंडअळीसाठी नव्हत्या, पण कमी फवारणीचं वचन देऊन आलेल्या पिकावर त्या चालल्या होत्या.

*

आता दोषाकडे येऊ.

एक शेतकरी डोळ्यांपुढे आणा. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारं, म्हणजे ओलिताची आशा नाही. जे येईल ते पावसावर. जमीन दोन एकर. त्याचे वीस टक्के म्हणजे सोळा गुंठे. त्या सोळा गुंठ्यांत बियाणं सोडून बाकी सगळं लागणार: नांगरणी, खत, डवरणी, निंदणाची मजुरी. आणि पीक अळीच्या तोंडी. लहान पाकिटातलं बियाणं मोठ्या पाकिटातल्याच वाणाचं, त्याच दिवसांत फुलणारं आणि पूर्ण उगवणारं असेल याची त्याला खात्री नाही. वेगळ्या वेळी फुललं तर त्यावरचे पतंग बीटीवरच्या पतंगांना भेटणारच नाहीत, म्हणजे त्याग करूनही उपयोग नाही.

आणि तो त्याग कोणासाठी? पतंगाला धुरा कळत नाही. याच्या सोळा गुंठ्यांतून उडालेले पतंग शेजाऱ्यांच्या पन्नास एकरांचं रक्षण करतील. याने एकट्याने आश्रय ठेवला आणि बाकी कोणी ठेवला नाही, तर याचं नुकसान नक्की आणि गावाचा फायदा नगण्य. बाकी सगळ्यांनी ठेवला आणि याने नाही ठेवला, तर याचं काहीच बिघडत नाही. दोन्ही बाजूंनी हिशेब एकच निघतो: पाकीट लावू नये.

गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका म्हणून हा हिशेब प्रसिद्ध केला. एलिनॉर ऑस्ट्रॉमने पुढे दाखवून दिलं, की तो अटळ नाही. जगभर अनेक गावांनी पाणी, जंगल, मासे सामाईकपणे सांभाळले आहेत. पण त्यासाठी काही गोष्टी लागतात. सामाईक वस्तू डोळ्यांना दिसावी लागते, तिचे वाटेकरी कोण ते माहीत असावं लागतं, नियम त्यांनी स्वतः बनवलेले असावेत, आणि कोण पाळतो ते एकमेकांना दिसावं. इथली सामाईक वस्तू होती पतंगाच्या रक्तातलं दुबळेपण. ते कोणाला दिसत नाही. नियम दिल्लीत झाला, पाकिटावर छापून आला, आणि पाळला की नाही हे पाहायला कोणी आलं नाही.

नीतीच्या पुस्तकात यावर एक ठरलेलं उत्तर आहे: सगळ्यांनी असंच केलं तर काय होईल, हे स्वतःला विचारावं आणि तसं वागावं. मला ते तत्त्व पटतं. तरी मला वाटतं, कर्तव्याचं ओझं ज्ञान आणि बळ यांच्या प्रमाणात वाटलं गेलं पाहिजे. आश्रय न ठेवल्यास काय होणार, हे सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकं माहीत होतं ते बियाणं बनवणाऱ्यांना आणि परवानगी देणाऱ्यांना. नियम पाळून घेण्याची, त्याची भरपाई देण्याची, बियाण्याची रचना बदलण्याची ताकदही त्यांच्याकडेच होती. दोन एकरवाल्याकडे फक्त नकार देण्याची ताकद होती आणि त्याने ती वापरली. त्याने नियम मोडला हे खरं. पण ज्याचा त्याग सर्वांत महाग पडतो त्यालाच त्याग करायला सांगायचं, आणि न केल्यास अनर्थाचं खापर त्याच्या माथी फोडायचं, हा व्यवहार आपल्याकडे इतर बाबतींतही ओळखीचा आहे.

*

इतरत्र काय झालं, ते या वाटणीच्या प्रश्नाला धरूनच पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या अॅरिझोनात आश्रयपीक ठेवलं गेलं, त्यावर देखरेख झाली, आणि तिथली गुलाबी बोंडअळी वर्षानुवर्षं बीटीपुढे दुबळीच राहिली. नंतर, २००६ पासून, तिथे आश्रयाच्या जागी नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले गेले. वाचलेल्या अळीला जोडीदार मिळे तो निष्फळ. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर झालं. यातली विमानं आणि पतंगांचे कारखाने एकेकट्या शेतकऱ्याच्या खिशातले नव्हते. शेतकरी संघटना आणि सरकार यांनी मिळून तो खर्च उचलला होता.

चीनची गोष्ट जास्त मजेशीर आहे. यांगत्से नदीच्या खोऱ्यात संकरित बियाणं महाग पडे, कारण परागीभवन हाताने करावं लागे. म्हणून तिथे बीटी आणि बिगर-बीटीच्या संकराची दुसरी पिढी स्वस्तात विकली जाऊ लागली. दुसऱ्या पिढीत मेंडेलच्या हिशेबाने चारातलं एक झाड बीटीशिवाय निघतं. म्हणजे शेतकऱ्याने स्वस्त म्हणून घेतलेल्या पिशवीत पंचवीस टक्के आश्रय आपोआप आला. २००५ ते २०१५ या काळातल्या नोंदींवरून असं दिसलं, की अळीत वाढू लागलेली प्रतिकारशक्ती तिथे परत घटली. कोणी उपदेश केला नाही, कोणी त्याग केला नाही.

भारतातही आता वेगळं लहान पाकीट जाऊन एकाच पिशवीत थोडं बिगर-बीटी बियाणं मिसळून द्यायची पद्धत आली आहे. शेतकऱ्याला निवड उरत नाही. मग त्याच्या वागण्याला नैतिक म्हणायचं का? वर्गात हा प्रश्न चांगला वाटतो. मला उत्तर साधं वाटतं. ज्या गावात रस्त्याला दिवे असतात तिथली माणसं कमी ठेचकाळतात. त्यासाठी त्यांनी जास्त सद्गुणी असावं लागत नाही. काही कर्तव्यं माणसाच्या मनावर सोडण्यापेक्षा व्यवस्थेत मुरवणं हेच जास्त न्यायाचं असतं, विशेषतः ती न पाळण्याचं कारण गरिबी असेल तेव्हा.

तरी इथेही झाडं आणि किडे आपला शेवटचा शब्द राखून असतात. मिसळलेल्या शेतात मधमाशी बीटी फुलावरून साध्या फुलावर जाते. तिच्या अंगावरचे पराग तिथे पडले, की साध्या झाडाच्या बोंडातल्या काही सरक्या बीटी होतात. गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे तिच्यासाठी राखलेल्या ताटात विष थोडं थोडं मिसळत जातं, आणि थोडं विष हे प्रतिकारशक्ती वाढायला सोयीचं असतं. वेगळ्या सलग ओळी ठेवण्याला म्हणूनच अर्थ होता. नियम कोणताही करा, तो मधमाशीला धरून करावा लागतो.

*

या सगळ्यावरून 'निसर्गाचा समतोल राखा, प्रत्येकाला त्याचा वाटा द्या' असं म्हणून हात झटकता येतील. मला ती भाषा धोक्याची वाटते. वाट्याची भाषा माणसांच्या बाबतीत आपण शतकानुशतकं वापरली आहे. बलुतं हाही वाटाच होता. गाव त्यावर चालायचं आणि प्रत्येक जण आपल्या जागी बांधलेला राहायचा. उंबर आणि माशी यांचं जमतं, म्हणून माणसांमधली कुठलीही वाटणी न्याय्य ठरत नाही. निसर्गाकडून माहिती घ्यावी, नीतीचा दाखला मागू नये.

मुंग्यांना साखर, कावळ्याला घास, पाखरांसाठी कणसं, हे आपल्या परंपरेत आहेच. पण ते दान आहे, उरलेल्यातून दिलेलं, आणि घेणाराही आपलं फार बिघडवत नाही. अळीच्या ओळींची जात वेगळी. तिथे देणं हे पेरणीच्या आधीच, पीक हाती येईल की नाही हे माहीत नसताना ठरवायचं असतं, आणि घेणारा शत्रू असतो. याला भूतदया म्हणून चालणार नाही. हे देणं शेजाऱ्याचं आहे, आणि पुढच्या वर्षी पेरणाऱ्याचं. अळी त्यात निरोप्यासारखी आहे; आपण तिच्या हाती काय देतो ते ती धुरा ओलांडून पोचवते.

याची खरी परीक्षा हंगामाच्या शेवटी होते. कारण तिथे कर्तव्य उलटं होतं. डिसेंबरनंतर कपाशी उभी ठेवून पाणी देऊन आणखी एकदोन वेचे काढायचे, याला फरदड म्हणतात. गुलाबी अळीला ही मेजवानी असते. फरदडीवर आणि वाळलेल्या बोंडांत ती पुढच्या पावसापर्यंत तग धरते. म्हणून अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था दरवर्षी सांगतात, की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटून टाका, शेतात काही शिल्लक ठेवू नका. म्हणजे हंगामात अळीला जेवायला वाढायचं आणि हंगाम संपला की तिला पाचसहा महिने कडकडीत उपास घडवायचा. दोन्ही गोष्टी एकाच हेतूच्या. कोणाला किती द्यायचं एवढंच बघून भागत नाही, केव्हा थांबायचं तेही तितकंच महत्त्वाचं.

आणि इथेही बिल त्याच पत्त्यावर जातं. फरदडीचे एकदोन क्विंटल ही जानेवारी-फेब्रुवारीतली रोकड असते, ज्या दिवसांत दुसरं काही हाताशी नसतं. पऱ्हाटीच्या गंज्या घराशेजारी रचलेल्या असतात, कारण कित्येक घरांत चूल अजून त्यावर पेटते. बऱ्याचदा ते सरपण दुसऱ्याच्या शेतातून गोळा करून आणलेलं असतं, भूमिहीन बाईने. त्या गंजीतल्या वाळक्या बोंडात अळी झोपलेली असते. 'पऱ्हाटी नष्ट करा' हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. त्या बाईने मग कशावर रांधायचं, हे सल्ल्याच्या पत्रकात नसतं. ते त्यात असलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. पऱ्हाटी कुट्टी करून परत मातीत घालणारं यंत्र गावात भाड्याने मिळणं, फरदड मोडणाऱ्याला काही मोबदला मिळणं, सरपणाला पर्याय असणं, या मला दुय्यम सोयी वाटत नाहीत. कर्तव्य खरोखर कर्तव्य म्हणून मागायचं असेल, तर या त्याच्या पूर्वअटी आहेत.

मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीता' लिहिली तेव्हा विचाराचा घटक गाव धरला होता. अळीच्या बाबतीत तो घटक नाइलाजाने खरा ठरतो, कारण पतंग गावाच्या मापाने उडतो. पण कापसाचं गाव आता शिवारात मावत नाही. त्यात बियाणं विकणारे आहेत, परवानगी देणारे आहेत, सरकीच्या तेलात तळलेलं खाणारे आहेत आणि सुती शर्ट घालून एसीत बसणारे माझ्यासारखेही आहेत. शर्टाच्या किमतीत अळीच्या पाच ओळींचा खर्च कुठेच धरलेला नसतो. तो धरला, तर शर्ट फारसा महाग होणार नाही. आणि दोन एकरवाल्याला नियम मोडला म्हणून बोल लावण्याचा अधिकार आपल्याला तेव्हा थोडाफार मिळेल.